‘असते तर’चे श्राद्ध

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या चौथ्या तारखेस, म्हणजे नवरात्राच्या दुसऱ्या माळेच्या सायंकाळी, महाड येथे काही नाट्यसंगीतप्रेमी मंडळींनी संगीतसूर्य केशवराव भोसले ह्यांच्या पुण्यतिथीनिमित्त एक सभा भरविली होती. घरोघरी घट बसलेले असूनही साठ-सत्तर श्रोते जमले होते. तसबिरीस हार घालण्यात आला. समईची ज्योत पंख्याच्या वाऱ्याने दोनदा विझली व दोनदा लावण्यात आली. आणि मग चार वक्ते एकामागून एक उभे राहिले. चारही सद्गृहस्थ विद्वान, संगीताचे भोक्ते आणि आमचे स्नेही. म्हणूनच पुढे जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी जड होते. परंतु ते न लिहावे, तर ज्यांच्या तसबिरीस हार घातला त्यांच्याशीच प्रतारणा होईल, असे आम्हांस वाटते.

चारही व्याख्यानांचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो, आणि ते दोन शब्द ‘असते तर’ हे होत. केशवराव आणखी वीस वर्षे असते तर मराठी रंगभूमीचा इतिहास निराळा झाला असता; असते तर बोलपटांच्या लाटेपुढे संगीत नाटक वाहून गेले नसते; असते तर त्यांच्या गायकीचे स्वतंत्र घराणे निघाले असते; असते तर, असते तर, असते तर! निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर आम्ही पेन्सिलीने रेघा ओढीत होतो. सतरा रेघा झाल्या तेव्हा पत्रिकेवरची जागा शिल्लक होती, पण आमचा धीर संपला होता. तिसऱ्या वक्त्यांना तर एक नवेच साधन हाती आले होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री कोल्हापुरातील केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, आणि दुसरा दिवस त्यांच्या जयंतीचा होता. ह्या योगायोगावर त्यांनी पंधरा मिनिटे घेतली. नियती, सूर्य, अग्नी, माध्यान्ही झालेला अस्त असे सर्व अलंकार यथास्थित बाहेर आले. श्रोत्यांत दोन-तीन ठिकाणी डोळे टिपले गेले.

सभा संपता संपता मागच्या रांगेतून एक तरुण उठला. तो पोलादपूर तालुक्यातील एका वाडीचा. गावच्या भजनी मंडळात गातो, आवाज बरा आहे, आणि केवळ ह्या सभेसाठी एस.टी.ने आला होता. त्याने विचारले, “काका, ह्यांचं नेमकं ऐकायचं काय आणि वाचायचं काय, तेवढं सांगाल का?” व्यासपीठावर क्षणभर शांतता पसरली. मग अध्यक्षांनी त्याच्या जिज्ञासेचे कौतुक केले, वेळ झाल्याचे सांगितले, आणि पसायदान सुरू झाले.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या सभेला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती सभा केशवरावांची नव्हे. ती आपल्या स्वतःच्या हळवेपणाची सभा होय.

कोणी म्हणेल, हे बोलणे निष्ठुर आहे. ऐन उमेदीत गेलेल्या माणसाविषयी हळहळ वाटणे हा मनुष्यस्वभावच नाही काय? आहे, आणि त्या स्वभावाविरुद्ध आमची तक्रार नाही. १९२१ सालच्या ऑक्टोबरात पुण्यास विषमज्वराने केशवराव गेले, तेव्हा त्यांच्या वयाची एकतीस वर्षे पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी त्यांना मुंबईच्या रंगमंचावर उभे पाहिले होते, ती माणसे ‘असते तर’ म्हणून रडली असतील तर त्यांचे अश्रू खरे होते, कारण जे हरपले ते त्यांनी कानांनी अनुभवले होते. परंतु त्या गोष्टीस आता शतक उलटून गेले. सभेतील एकाही मनुष्याने केशवरावांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले नव्हते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वडिलांनीही ऐकलेले नसावे. मग आपण हळहळतो ती कशासाठी? आजोबांची हळहळ आपण उसनी घेतली आहे. आजोबांच्या हळहळीमागे जे ऐकणे होते, ते मात्र घेण्याची तसदी घेतलेली नाही. उसन्या शोकाची एक मोठी सोय असते: त्यास कधी काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

हा रोग केवळ आपलाच आहे असे मात्र कोणी समजू नये. पाश्चात्त्य देशांत रॉक संगीताच्या चाहत्यांनी सत्ताविसाव्या वर्षी निवर्तलेल्या गायक-वादकांची एक माळच ओवून ठेवली आहे. १९७० साली जिमी हेंड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन, १९७१ साली जिम मॉरिसन, १९९४ साली कर्ट कोबेन. मृत्यूच्या वेळचे वय जुळले, एवढ्या एका धाग्यावर चार भिन्न प्रकृतीच्या कलावंतांना एकत्र बांधावयाचे, हा कलेचा विचार नव्हे, हे फलज्योतिष झाले. पण त्या चाहत्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते निदान तबकड्या लावून ऐकतात. हेंड्रिक्सची गिटार कशी वाजते हे त्यांच्यातील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. आपल्याकडे १९२१ च्या आधीच्या गायकाच्या बाबतीत तो मार्ग अतिशय अरुंद आहे. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या नाटकातील गायक त्या मापात बसविणे म्हणजे सावित्रीचा पूर तांब्यात भरणे होय. ध्वनिक्षेपक नव्हता. भरल्या नाट्यगृहात, पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत, केवळ छातीच्या जोरावर सूर आणि शब्द पोहोचवावयाचे असत. आमचे आजोबा तरुणपणी मुंबईस नोकरीला होते आणि त्यांनी केशवरावांना ऐकले होते. त्यांच्या तोंडी आम्ही कधीही ‘असते तर’ ऐकले नाही. ते एवढेच म्हणत, “सर्वांत स्वस्त जागेवर बसून शब्दन् शब्द कळायचा.” सबंध महाराष्ट्रातल्या अलंकारिक भाषणांपेक्षा आम्हांस ह्या एका वाक्यात केशवराव अधिक दिसतात.

‘असते तर’मध्ये एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक टोचतो. जो मनुष्य आणखी जगला असता तर काय काय करता, ह्याचेच वर्णन आपण करीत राहतो, त्याने जे केले ते आपोआप अपुरे ठरते. एकतीस वर्षांचे आयुष्य ही जणू एखाद्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना, आणि ग्रंथ तेवढा लिहिला गेला नाही! वस्तुतः केशवरावांचे आयुष्य प्रस्तावना मुळीच नव्हे. कोल्हापुरात १८९० च्या ऑगस्टात जन्मलेला हा मुलगा पितृछत्र हरपल्यामुळे अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेला. शाळेच्या बाकाऐवजी त्याच्या वाट्यास तालीम आली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्याचे नाव गाजले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतंत्र संस्था त्यांनी स्थापिली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पुढे रामकृष्णबुवा वझे ह्यांच्यासारख्या कडक गुरूपाशी रीतसर तालीम घेऊन त्यांनी आपल्या उपजत गळ्यास विद्येची जोड दिली. स्त्रीभूमिकांतून ते पुरुषभूमिकांत गेले आणि तेथेही पहिल्या रांगेत राहिले. मराठी रंगभूमीवर मखमली पडद्याचा मान त्यांच्याकडे जातो. सतरा वर्षांचा आपला मुलगा आज काय करीत असतो, हे प्रत्येक वाचकाने आपल्या घरात डोकावून पाहावे. म्हणजे अपुरे कोणाचे आयुष्य आहे ते ध्यानात येईल.

परंतु नेपथ्य, तालीम, मंडळीचा संसार ह्या गोष्टी रसिकांस नीरस वाटतात. त्यांस हवी असते ती एक रात्र. ती रात्र म्हणजे ८ जुलै १९२१ ची. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका नाटकात, एका कार्यासाठी उभे राहिले, ही गोष्ट खरोखरीच मोठी होती आणि तिचे स्मरण अवश्य व्हावे. पण स्मरण कशाचे होते? कोणत्या पदाला कोणास किती वन्समोर मिळाले, कोण कोणावर चढला, कोण पडला! ज्यांनी देशकार्यासाठी स्पर्धा बाजूस ठेवली, त्यांची ती स्पर्धाच तेवढी आपण शंभर वर्षे जपून ठेवली आहे. महाडच्या सभेतही दुसऱ्या वक्त्यांनी ह्या सामन्याचा निकाल केशवरावांच्या बाजूने लावला, आणि टाळ्या पडल्या. लोकमान्यांच्या नावाचा तो फंड होता, ह्याचा उल्लेख झाला की नाही हे आम्हांस आठवत नाही. बहुधा झाला नसावा.

येथे बालगंधर्वांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ते केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी वडील, आणि केशवरावांच्या मागे शेहेचाळीस वर्षे जगले. १९६७ साली ते निवर्तले तोपर्यंत कर्ज, आजार, बदललेला काळ, थकलेले शरीर, सर्व काही त्यांच्या वाट्यास आले; आणि ज्या रसिकांनी त्यांस डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी कित्येकांनी ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ असे म्हणून मान फिरविली. म्हणजे लवकर गेलेल्याविषयी आपण म्हणतो, ‘असते तर!’, आणि जो राहिला त्याच्याविषयी मनातल्या मनात म्हणतो, ‘वेळीच थांबते तर!’ दोन्हीकडे कलावंताने आपल्या सोयीने जगावे व आपल्या सोयीने मरावे, हीच अपेक्षा. मास्टर दीनानाथ १९४२ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, दत्तात्रेय विष्णू पलुसकर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याही वाट्यास हेच ‘असते तर’ येते. दीनानाथांचे नशीब एवढेच की त्यांच्या मुलांनी गाऊनच पित्याचे स्मरण चालविले. केशवरावांच्या मागे तसा कंठ नव्हता.

पण मागे काहीच नव्हते असे मात्र नाही, आणि आमच्या सभांतून जे मुळीच सांगितले जात नाही ते हेच. धनी गेला म्हणजे नाटकमंडळी मोडावयाची, हा त्या काळचा सामान्य नियम. ‘ललितकलादर्श’ मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा उचलली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ साली, मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. बापूरावही १९३७ साली अकालीच गेले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर ह्यांनी संस्था पुन्हा उभी केली आणि ती आपल्या पिढीपर्यंत आणून पोहोचविली. भालचंद्ररावांचा जन्म १९२१ च्या नोव्हेंबरातला, म्हणजे केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. ते २०१५ पर्यंत होते. ज्यास केशवरावांचे स्मारक पाहावयाचे त्याने ही शंभर वर्षांची नाटके पाहावीत. तेथे ‘असते तर’ म्हणत बसावयास कोणास सवड नव्हती. उद्याच्या खेळाची तिकिटे खपावयाची होती.

आता आमच्या भागाकडे वळतो, कारण ह्या वादाचे मूळ तेथेच आहे. महाड म्हटले की रायगडाचा पायथा, आणि महाड म्हटले की १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह. टिपणीस हे आडनाव काढले तर त्या वेळचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस आठवतात, आणि आठवावेतच. परंतु यशवंत नारायण टिपणीस हे नाटककारही महाडचेच, हे आमच्या गावात आज शंभरांतील दोघांना ठाऊक असेल तर पुष्कळ. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या उभारणीत त्यांचा हात होता. ‘कमला’, ‘मत्स्यगंधा’ ही त्यांची नाटके. आणि ज्या ‘शहाशिवाजी’ नाटकाचे कर्तेपण त्यांचे, ते केशवरावांच्याच ललितकलादर्शाने रंगभूमीवर आणले. केशवरावांच्या पुण्यतिथीस महाडात सभा भरविण्याचे याहून मोठे कारण कोणते असू शकते? आणि चार व्याख्यानांत टिपणिसांचे नाव एकदाही निघाले नाही! रायगडाच्या छायेत वाढलेल्या एका लेखकाने शिवाजीवर नाटक लिहावे, कोल्हापूरच्या एका मराठा गायकाने ते उचलावे, हा दुवा आमच्या हातात होता. आणि आम्ही तो सोडून ‘माध्यान्हीचा सूर्यास्त’ धरला.

महाडहून दक्षिणेस पोलादपूर. तेथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी प्रसिद्ध केला, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की काव्य अपुरे आहे. एकतीस अध्याय पुरे, आणि बत्तिसाव्याचे नऊच श्लोक. तेथे लेखणी थांबली. इतिहाससंशोधकांनी काय केले? ‘परमानंद पुढे लिहिते तर राज्याभिषेकाचे केवढे वर्णन मिळते!’ म्हणून समाधीवर डोके टेकून ते बसले नाहीत. जे एकतीस अध्याय हाती आले ते त्यांनी वाचले, ताडून पाहिले, त्यांतील अफझलखानाच्या प्रकरणावरून वाद घातले, मराठीत उतरविले. अपुऱ्या ग्रंथाशी वागण्याची रीत ही अशी असते. एकतीस अध्यायांना जो न्याय आपण देतो, तो एकतीस वर्षांना का देत नाही? पोलादपूरहून आलेल्या त्या तरुणाने प्रश्न विचारला तो समाधीच्या गावाला शोभेल असाच होता, आणि आम्ही त्यास उत्तर दिले नाही.

उत्तर होते. आमच्यापैकी कोणासही ते देता आले असते. ‘बाबा रे, हाच मुलाचा बाप वाच,’ एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

ह्या नाटकाविषयी थोडे अधिक लिहावयास हवे. १९१६ साल. केशवराव सव्वीस वर्षांचे, कीर्तीच्या शिखरावर. पुराणांतील राजे आणि इतिहासातील वीर रंगमंचावर आणून, भरजरी पोशाख घालून, ठरलेली पदे ठरलेल्या जागी म्हणून त्यांस सुखाने पैसा मिळविता आला असता. प्रेक्षकांची मागणी तीच होती. अशा वेळी चिपळूणकडचा एक तरुण लेखक हुंड्याच्या रूढीवर आसूड ओढणारे नाटक घेऊन येतो, आणि हा लोकप्रिय नट आपली मंडळी, आपला पैसा आणि आपला गळा त्याच्या पाठीशी उभा करतो. पुढच्या खुर्च्यांवर बसणारे प्रतिष्ठित गृहस्थ कोण होते? मुलांचे बापच की! ज्यांच्या तिकिटांवर मंडळीची चूल पेटावयाची, त्यांच्यासमोर त्यांचेच चित्र धरण्याचे हे धैर्य होते. तीन वर्षांनी ‘संन्याशाचा संसार’ आले, आणि त्यात धर्मांतर व शुद्धी ह्यांसारखा निखाऱ्यासारखा विषय मंडळीने हाती घेतला. ‘गाणारा नट’ एवढ्या दोन शब्दांत ज्यास आपण कोंडले आहे, त्याचे हे खरे मोजमाप. आवाज ही देणगी असते. आपला आवाज कोणाच्या कामी लावावयाचा, हा निर्णय मात्र माणसाचा स्वतःचा असतो.

आणि हेच आपण का विसरतो, ह्याचे एक कारण आम्हांस दिसते; ते अप्रिय आहे. केशवरावांच्या अकालमृत्यूबद्दल हळहळण्यास काही मोल पडत नाही. त्यांच्या नाटकाची आठवण काढली तर मात्र पडते. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले, त्यासही साठ वर्षे उलटून गेली. तथापि आमच्या भागातील लग्नांत ‘मुलीच्या आनंदासाठी’, ‘रीतीप्रमाणे’, ‘आम्ही काही मागितले नाही बरे का’ अशा मुलायम शब्दांत काय काय दिले-घेतले जाते, हे सभेतील साठ-सत्तर श्रोत्यांस सांगावयास नको होते. त्यांत कित्येक मुलांचे बाप होते. आम्हीही एक. सूर्यास्ताच्या वर्णनाने त्यांचे डोळे ओलावले. तिसऱ्या अंकाच्या वाचनाने कदाचित खाली झुकले असते. म्हणून आपण सूर्यास्त पसंत करतो.

दुसऱ्यांस दूषणे देऊन स्वतः नामानिराळे राहण्याचा आमचा हेतू नाही. आमचा अपराध सर्वांत मोठा आहे, तो येथे लिहून ठेवतो. आजोबांनी मुंबईहून आणलेले ‘हाच मुलाचा बाप’ नाटकाचे एक छापील हँडबिल आमच्या माळ्याखालच्या लोखंडी पेटीत होते. त्या काळी मुंबईस जाणे म्हणजे दासगावच्या बंदरातून खाडीवाटे बोटीचा प्रवास. अशा प्रवासातून घडी करून, अंगरख्याच्या खिशातून, तो कागद घरी आला होता. कागद तांबूस, कडा कुरतडलेल्या, घडीवर फाटलेला. आम्ही तो पुष्कळ वेळा पाहिला. कोणास दाखविला मात्र कधी नाही. एखाद्या संग्रहालयास द्यावा, निदान त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, असे दरवर्षी ४ ऑक्टोबरच्या सुमारास मनात येई आणि दिवाळीच्या फराळाबरोबर विरून जाई. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी ह्यांचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे कागदाचे दुःख सांगणे लाजिरवाणे आहे, आणि म्हणून आम्ही आजवर ते कोणापाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा आत चिखल होता. ‘संयुक्त मानापमान’ होऊन त्या रात्री शंभर वर्षे आणि दोन आठवडे झाले होते. कागद पुराने नेला, हे आम्ही घरात सर्वांस सांगितले. तो आधीची पन्नास वर्षे पेटीत का पडून होता, हे सांगितले नाही.

कोल्हापूरच्या आगीविषयीही आम्हांस असेच वाटते. ते नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केले; शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान. केशवरावांच्या मागून सात महिन्यांनी महाराजही गेले. ह्या वास्तूस केशवरावांचे नाव दिले हे योग्यच झाले. ती जळाली तेव्हा सर्व महाराष्ट्र हळहळला, तिच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले, हेही योग्यच. दगड-लाकूड पुन्हा उभे राहील. परंतु त्या रंगमंचावर केशवरावांनी गाजविलेल्या नाटकांपैकी एखादे, पुरे, अंक न गाळता, शेवटचे कधी झाले होते? आगीच्या दुसऱ्या दिवशी छाती पिटणाऱ्यांपैकी किती जण त्या खेळास गेले होते? आगीस दोष देणे सोपे असते, कारण ती बाहेरून येते.

कोणी आम्हांस विचारील की मग सभा बंद कराव्या काय? मुळीच नाही. चार व्याख्यानांऐवजी एक अंक वाचा, एवढीच आमची सूचना. पदे गाणारा कोणी असेल तर त्यास गाऊ द्या. चुकला तरी हरकत नाही. टिपणिसांचे नाटक शोधून काढा. वझेबुवांच्या तालमीचा एखादा जाणकार मिळाला तर त्यास तासभर बसवून ती गायकी कशी होती हे मुलांस ऐकवा. हार एकच पुरे. ह्या सूचना आम्ही त्या सभेनंतर व्यवस्थापक मंडळींस लेखी कळविल्या होत्या. उत्तर अतिशय सौजन्यपूर्ण आले. सूचना विचारार्ह आहेत, परंतु लोकांस भाषणेच आवडतात, असे त्यात म्हटले होते. पुढच्या सभेची पत्रिका नुकतीच हाती आली. विषय आहे ‘संगीतसूर्य : एक अपूर्ण स्वप्न’. वक्ते पाच आहेत.

त्या पोलादपूरच्या तरुणास आम्ही जुन्या वाचनालयातून ‘हाच मुलाचा बाप’ची प्रत मिळवून तिच्या छायाप्रती करून दिल्या. गेल्या महिन्यात तो घरी आला होता. भजनी मंडळातली सात-आठ मुले गावच्या देवळात शनिवारी रात्री बसून नाटक वाचतात. काही शब्द अडतात, ते त्याने एका वहीत लिहून आणले होते. पदांना चाली कोणत्या, हा मोठाच प्रश्न आहे. तूर्त ती अभंगाच्या चालींवर म्हणतात. आम्ही वही घेऊन अर्थ लिहून दिले. निघताना त्याने आणखी एक अडचण सांगितली. बाकी सर्व कामे वाटून झाली आहेत, पण मुलाच्या बापाचे काम करावयास गावात कोणी तयार होत नाही.